क्लेअरमधला ‘वन्स मोअर’

आगबोट डब्लिनच्या धक्क्याला लागली तेव्हा नुकते उजाडले होते आणि बारीक पाऊस पडत होता. पावसाचे मला कौतुक नव्हते. गगनबावड्याला आमच्या आत्याचे घर आहे. पाऊस म्हणजे काय ते ज्याने तिथे पाहिले, त्याला आयर्लंडचा पाऊस म्हणजे दाढी करताना उडालेले पाणी! पण मायकल मोठ्या अभिमानाने म्हणाला, “पाटील, हा आमचा पाऊस.” मी “छान आहे” म्हणालो. पाहुण्याने एवढे करायचेच असते.

मायकल हा इंग्लंडातल्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर काम करी. आमच्या कोल्हापुरातल्या ऑइल इंजिनच्या कारखान्याने मला आठ महिने तिकडे पंपांचे काम शिकायला धाडले होते. ऑगस्टात आठवड्याची सुट्टी मिळाली आणि मायकलने मला आपल्या गावी, आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यात, ओढूनच नेले. दिवसभर आगगाडी, मग बस, आणि शेवटचे चार मैल त्याच्या काकांच्या गाढवगाडीतून. गाढवाने अर्ध्या वाटेत मुक्काम ठोकला. आम्ही दोघे पंपांचे जाणकार, पण गाढव काही आम्हाला चालू करता आले नाही. शेवटी सामान खांद्यावर घेतले.

घर दगडाचे, चुन्याने पांढरे केलेले. चुलीत टर्फ (दलदलीतला चिखल विटांसारखा कापून वाळवतात तो) जळत होता. आपल्याकडे शेणी जळताना येतो तसाच ओळखीचा धूर. जेवायला उकडलेले बटाटे, कोबी, लोण्याचा गोळा आणि चक्क ताक! मायकलच्या आईने माझ्या ताटात मांसाचा तुकडा वाढला. मी हात आडवा धरला. त्या गोंधळल्या. तिकडे शुक्रवारी मांस वर्ज्य असते, आणि त्या दिवशी होता बुधवार.

“अहो, आज शुक्रवार नाही,” त्या म्हणाल्या.

“आम्ही जैन. आमचा वर्षभर शुक्रवारच,” मी म्हणालो.

हे त्यांना इतके पवित्र वाटले की रोज सकाळी त्या मला लोणी दुप्पट वाढू लागल्या.

मायकलचे वडील जेम्स हे अडुसष्ट वर्षांचे, हाडापेराने रुंद आणि बोलण्यात एक घाव दोन तुकडे. त्यांचे आणि गावकऱ्यांचे बोलणे मी आपल्या कोल्हापुरी बोलीतच सांगतो, कारण पुस्तकी मराठीत ती माणसे मावायची नाहीत. भिंतीवर खुंटीला एक काळी पेटी टांगली होती. मी विचारले, “हे काय?”

“फिडल हाय,” ते म्हणाले. “गाईला ऐकवतो. दुसरं कोण हाय ऐकायला?”

फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, पण दंडापाशी धरून शेतकऱ्याच्या हाताने वाजवलेले. पूर्वी गावात कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी बैठक जमे, बाकडी बाजूला सारून लोक नाचत. मग तरुण पोरे कामासाठी इंग्लंडला गेली, घरांना कुलपे लागली आणि बैठका बंद पडल्या. मायकलने मात्र लंडनमध्ये नवीनच प्रकार पाहिला होता. तिथली आयरिश मंडळी पबमध्ये (हे दारूचे दुकान, पण आयर्लंडच्या खेड्यांत त्याच्या पुढच्या भागात साखर-खिळे-चहासुद्धा विकतात) वाद्ये घेऊन गोल बसतात आणि वाजवतात. त्याला ते सेशन म्हणतात. गावच्या पबमध्ये हे का होऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले. पबचा मालक टॉमी महाकठीण माणूस. गाण्यातून भांडणे होतात म्हणून त्याने दुकानात गाणे-बजावणे बंद ठेवले होते. मायकलने गयावया करून एका शनिवारपुरती परवानगी काढली. अट एकच, आरडाओरडा झाला की कायमचे बंद.

शनिवारी जेम्सनी पेटी पुसली आणि मला म्हणाले, “पावणं, आज जमलं तर जमलं. न्हाय तर ही पेटी परत उघडायची न्हाय. गाय काय, गप बी बसंल.”

ते हसले नाहीत. 

आता दारूच्या दुकानात मी जाणे म्हणजे आमच्या घराण्यात इतिहासच. कोल्हापुरात दारूबंदी, त्यात आम्ही सुपारीसुद्धा लपून खाणारे. टॉमीने मला लिंबाचे सरबत दिले आणि बाटलीवरची धूळ पुसल्याचे मला दाखवूनही दिले. संध्याकाळचे सात वाजले होते, पण बाहेर लख्ख ऊन होते. कोपऱ्यात तिघे बसले. जेम्स फिडल घेऊन, गावचा पोस्टमन लाकडी बासरी घेऊन, आणि मायकल कॉन्सर्टिना (ओंजळीत मावेल एवढी, दोन्ही बाजूंनी दाबायची बाजाची पेटी) घेऊन. बाकी वीस-पंचवीस शेतकरी त्यांच्याकडे पाठ करून गवताच्या कापणीवर बोलत उभे.

जेम्सनी पायाने दोन ठोके दिले आणि सुरू केले. माझी बोटे आपोआप मांडीवर पडू लागली. सहा मात्रा! आपला दादराच, पण घोड्यावर बसलेला. एकच चाल तिघांनी तीनदा वाजवली, आणि मला आता संपले असे वाटले तोच कुणी कुणाला खूण न करता तिघेही एकदम दुसऱ्या चालीत शिरले. मला शहारे आले. मला गाता येत नाही, बाजाच्या पेटीवर सा कुठे हेही ठाऊक नाही, पण लहानपणापासून नाटकांच्या पिटात, स्वस्तातल्या जागी, बसून कान मात्र तयार झालेले आहेत. ही माणसे पहिल्या प्रतीची होती. शपथेवर सांगतो.

वाजवणे संपले. टाळी नाही, मान हलवणे नाही. पाठी तशाच आणि गप्पा तशाच. पोस्टमनने खाली पाहिले. जेम्सनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि फिडल ठेवून द्यायला पायाशी ठेवलेल्या पेटीचे झाकण उघडले.

मग मला राहवले नाही. आपल्याकडे नाटकात पद रंगले की आपण काय करतो? मीही तेच केले. उठून उभा राहिलो आणि कुस्तीच्या मैदानात मागच्या रांगेतून पहिलवानाला हाक मारावी त्या आवाजात ओरडलो, “वन्स मोअर!”

 एक शेतकरी दचकला आणि त्याचा पेला माझ्या नव्या कोटावर सांडला. जन्मात पोटात न गेलेला पदार्थ असा बाहेरून अंगाला लागला. टॉमी गल्ल्यापुढची आडवी फळी उचलून बाहेर आला, कानापर्यंत लाल.

“सांगितलं हुतं की न्हाय? आरडाओरडा झाला. बास! पेट्या भरा.”

“टॉमी, तो पावणा हाय—” मायकल म्हणाला.

“कुणी का असंना!”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. त्या म्हाताऱ्याचा एकुलता एक डाव होता आणि तो मी उधळला होता. जेम्सनी फिडल पेटीत ठेवले. झाकण लावून कडी घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

तेवढ्यात मागचे स्वयंपाकघराचे दार उघडले. टॉमीची आई बाहेर आली. ऐंशीच्या घरातली, हाताला पीठ. तिकडे बाया पुरुषांच्या बाजूला सहसा येत नाहीत, त्यामुळे सगळे बाजूला झाले.

“वरडलं कोण?” तिने विचारले.

“मी, आई,” मी म्हणालो.

“कशापायी?”

मी कसेबसे सांगितले. आमच्या गावी वाजवणाऱ्याने जीव ओतला की ऐकणाऱ्याने परत मागायचे असते. मागितले नाही तर तो त्याचा अपमान. मला भांडायचे नव्हते, फक्त ते पुन्हा ऐकायचे होते.

“आन मागितल्यावर?”

“परत वाजवतात.”

“आन न्हाय वाजवलं तर?”

“तर लोक जागचे उठत नाहीत.”

म्हातारीने भिंतीकडची खुर्ची ओढली, बरोबर दुकानाच्या मध्यभागी ठेवली आणि पिठाचे हात मांडीवर ठेवून बसली.

“मग मी बी उठत न्हाय,” ती म्हणाली. “टॉमी, दाराआडनं ऐकत हुते मी. ह्या चालीवर तुझा बा नाचलाता. जेम्स, काढ बाहीर.”

टॉमी फळी उचलून परत आत गेला. आईपुढे कोण काय बोलणार!

जेम्सनी फिडल काढले. पायाने पुन्हा दोन ठोके दिले. पहिल्या फेरीला लोक वळले. दुसऱ्या फेरीला एक आडदांड म्हातारा पेला ठेवून चुलीपुढच्या फरशीवर उतरला. कमरेवरचे अंग काठीसारखे ताठ, आणि पाय मात्र तबल्यावरच्या बोटांसारखे. खिळे मारलेल्या बुटांनी तो फरशीवर असा ताल धरू लागला की दुकानातल्या साखरेच्या बरण्या किणकिणल्या. म्हातारी पीठ उडवत टाळ्या देत होती. मी तर रडत होतो. का ते विचारू नका. आणि चाल संपली तेव्हा मघाशी पाठ करून उभे असलेले पंचवीस गडी एका आवाजात ओरडले, “वन्स मोअर!”

टॉमीच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिले. तोही ओरडत होता.

चार वेळा झाले. मग दुसऱ्या चाली, मग एकाचे गाणे, मग कुणाच्या तरी घरून आणखी एक फिडल. निघताना टॉमी जेम्सना म्हणाला, “फुडल्या शनिवारी सात वाजता. आन ह्या पावण्याला कोट धुवायला साबण द्या.”

वाटेत जेम्स पेटी काखेत मारून चालत होते. मग म्हणाले, “पाटील, तुला काय वाजवाय येतंय?”

“काही नाही. नुसतं ऐकतो.”

“आमच्यात त्योच गडी कमी हुता,” ते म्हणाले आणि माझ्या पाठीत असा हात मारला की दोन दिवस दुखत होती.

यथावकाश शिक्षण संपले आणि मी कोल्हापूरला परतलो. स्टेशनवर हार, घरी पुरणपोळी. शेजाऱ्यांनी विचारले, राणी पाहिलीस का, बर्फ पाहिलास का? सांगितले ते त्यांना फारसे पटले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवीला गेलो. येताना भवानी मंडपाकडच्या नगारखान्यातून सनई चालू होती. जन्मल्यापासून ती सनई मी ऐकत आलो आहे. ऐकत म्हणजे, तिच्याखालून जात आलो आहे. लोक नारळ घेऊन, सायकली हाकत चालले होते. त्या दिवशी मी थांबलो. वाजवणारा सुरेल होता, आणि किती वर्षे होता कुणास ठाऊक.

सनई थांबली. मी मान वर केली आणि क्लेअरमध्ये ओरडलो होतो तितक्याच जोराने ओरडलो.

सज्जातून एक पांढऱ्या मिशांचा चेहरा घाबरून खाली डोकावला. “काय झालं वं पावणं? कुणाला लागलं का काय?”

“न्हाय वं! आत्ता वाजिवलासा ते परत एकदा वाजवा की!”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. “मला म्हणताय?”

“तुम्हालाच!”

त्याने डोईचा रुमाल काढला, तोंड पुसले, रुमाल नीट बांधला आणि आत जाऊन बसला. सायकलवाले पाय टेकून उभे राहिले. सनईने पहिला सूर धरला, आणि मघापेक्षा तो कितीतरी मोठा होता.