बगळ्याच्या अध्यायाचा अर्थ

वसमतच्या स्टँडजवळ अधूनमधून पुस्तकांचं प्रदर्शन लागतं. आत शिरलं की मी सरळ लहान मुलांच्या टेबलाकडे जातो. तिथला माणूस ठरल्याप्रमाणे विचारतो, "लेकरू कितवीला हाय?" पूर्वी मी लाजून भाच्याची इयत्ता सांगायचो. भाचा आता लग्नाचा झाला. हल्ली मी म्हणतो, "लेकरू रिटायर झालंय, तुमी पुस्तकं दाखवा."

हा नाद मला पुण्यात लागला. तिथल्या एका छापखान्यात मी उभं आयुष्य प्रुफं तपासण्यात घालवलं. कायद्याच्या पुस्तकात, थोरामोठ्यांच्या चरित्रात माझ्या नजरेतून एक वेलांटी सुटायची नाही. पण मुलांचं पुस्तक आलं की मी वाहवत जायचो. पोरं होडीत बसून निघालेली, वादळ आलेलं, तिथं ऱ्हस्वदीर्घ कोण बघतो? मालकांनी एकदोनदा झापलं आणि मग मुलांची प्रुफं माझ्याकडे देणंच बंद केलं. तेव्हापासून मी ती पुस्तकं विकत घेऊन वाचायला लागलो.

लोकांना वाटतं, हे सोपं वाचन आहे, म्हातारपणी दात पडल्यावर वरणभात खावा तसं. मला तसं वाटत नाही. मोठ्यांच्या कादंबरीत माणसं पानंच्या पानं एकमेकांवर रुसून बसतात आणि त्यांनी जेवण केलं की नाही याचा पत्ता नसतो. मुलांच्या पुस्तकात कुणाला भूक लागली की कुणीतरी भाकरीचं फडकं सोडतं, आणि भाकरीबरोबर काय होतं तेही लिहिलेलं असतं. लेखकाने उगाच शहाणपणा केला तर पोर पुस्तक फेकून देईल, ही धास्ती त्याला असते. मोठा वाचक बिचारा भिडेखातर शेवटपर्यंत जातो. असो. ज्याला हे कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही, कारण वाद घालण्यातही वाचायचा वेळ जातो.

दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर काचबिंदूने गेली तेव्हा मी आणि बायको पुणं सोडून गावी आलो. आमचं गाव शिरड शहापूरच्या जवळ. आई आधीच गेली होती. कॉलेजसाठी म्हणून मी घर सोडलं होतं, ते दिवाळी, लग्नकार्य आणि आईची तेरवी सोडता परत फिरकलो नव्हतो. दादांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. "ये" म्हणाले नाहीत, "गेलास" म्हणाले नाहीत. त्यांच्या मनात राग आहे का, हे मला अर्धं आयुष्य विचारायचं होतं. पण आमच्याकडे बापलेक पावसावर बोलतात, हळदीच्या भावावर बोलतात, असलं काही विचारत नाहीत.

त्या वर्षी हळद शिजवून अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत वाळत घातली होती. तिची राखण दादांकडे. दिसत नसलं तरी शेळी आली की पावलांवरून त्यांना कळायचं. हळद निवडायला गल्लीतल्या बाया यायच्या. मी दादांच्या बाजेशेजारी खुर्ची टाकून आपलं पुस्तक वाचत बसायचो. एके दिवशी मी एकटाच हसलो.

"काहून हसून राहिला?" दादांनी विचारलं.

"काही न्हाई, पुस्तकात हाय."

"मग मोठ्यानं वाच. मला काय शेळ्याच हाकायच्यात का?"

गोष्ट होती एका शेळीची, जी पोराचं दप्तर खाते. मी एक परिच्छेद वाचला आणि श्वास घ्यायला थांबलो. तेवढ्यात दादा ताठ बसले, घसा खाकरला, आणि बायांकडे तोंड करून म्हणाले, "म्हंजे काय झालं मंडळी, शेळीनं दप्तर खाल्लं. मग विद्या खाल्ली का? न्हाई. तिनं कापड खाल्लं. विद्या त्या पोरापाशीच ऱ्हाते, असली तर."

बाया खदखदून हसल्या. मी चकित होऊन बघत राहिलो.

हे दादांचं जुनं काम होतं. श्रावणात आमच्या मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओव्या वाचतो आणि दुसरा त्यांचा अर्थ सांगतो. वाचणारे बदलत गेले, पण अर्थ सांगायला कितीतरी वर्षं दादाच. सगळ्या गावाने त्यांचा अर्थ ऐकला होता. लहानपणी मी देवळामागे गोट्या खेळायचो आणि प्रसादापुरता आत यायचो. नंतर श्रावणात मी पुण्यात असायचो. म्हणजे गावात एकट्या मलाच माझा बाप बोलतो कसा ते माहीत नव्हतं. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

मग रोज सकाळी वाचन सुरू झालं. पहिले काही दिवस मला वैताग यायचा. गोष्ट रंगात आलेली, आणि हे प्रत्येक परिच्छेदाला हात वर करून थांबवणार. पुढे उलटं झालं. मीच लवकर थांबायला लागलो. ज्या ओळीवरून मी तीन वेळा सपाट्याने गेलो होतो, तिच्यातून दादा काहीतरी काढायचे. बायको सेनगावकडची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "मामांचा अर्थ पुस्तकापेक्षा बरा हाय. तुमी नुसतं वाचत जावा."

नियम मात्र पोथीचे लागले. आंघोळीशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही. पोथी ठेवायची लाकडी घडवंची दादांनी माळ्यावरून काढायला लावली, आणि तिच्यावर टोपीवाल्या माकडाचं चित्र असलेलं पुस्तक विराजमान झालं. प्रकरणाला ते अध्याय म्हणायचे. अध्याय अर्धा सोडायचा नाही, आणि शेवट आधी विचारायचा नाही, सांगायचाही नाही.

सगळ्यात जास्त रमले ते बगळ्याच्या पुस्तकात. एका तळ्यातलं म्हातारं कासव पंख मोडलेल्या बगळ्याच्या पिल्लाला सांभाळतं. स्वतः कधी उडालेलं नसूनही त्याला उडायला लावतं. कासव पिल्लाला पाण्यात न हलता उभं राहायला शिकवतं, तिथं दादा म्हणाले, "उभं ऱ्हाणं बी कामच हाय मंडळी. औत हाकणाऱ्याला ते जमत न्हाई. राखणदाराला जमतं." निवडणाऱ्या बायांपैकी एकीने हातातली हळद खाली ठेवून मान डोलावली.

मग तो अध्याय आला. तळं आटायला लागतं. इतर बगळे निघतात, आणि पिल्लू त्यांच्याबरोबर उडून जातं. कासवाचा निरोपही घेत नाही. त्याला वाटतं, दोन दिवसांत येऊ. कासव आभाळाकडे बघत राहतं आणि मग चिखलात स्वतःला गाडून घेतं. मी हे पुस्तक पूर्वी पुण्यात वाचलं होतं, तेव्हा कोरड्या डोळ्यांनी वाचलं होतं. दादांसमोर वाचताना मात्र माझा आवाज चिरकला. अध्याय संपवून मी थांबलो. जे मला तोंडाने विचारता आलं नव्हतं ते पुस्तकाने विचारलं होतं. कासवाला राग आला का, एवढंच मला ऐकायचं होतं.

दादांनी हात वर केला. मग म्हणाले, "ह्या अध्यायाचा अर्थ आज न्हाई. पुढचा शेवटचा हाय ना? दोन्हींचा मिळून समाप्तीला सांगतो. मनात धरलाय मी."

त्याच संध्याकाळी भावकीतले एक काका वारले. सुतक लागलं.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने खुर्ची घेऊन गेलो, तर दादा म्हणाले, "सुतकात पोथी उघडत न्हाईत."

"दादा, हे लेकरायचं पुस्तक हाय. पोथी न्हाई."

"ज्याचा अर्थ सांगावा लागतो ती पोथीच."

"मग वाचत न्हाई. तुमी नुसता अर्थ सांगा कालचा."

"अध्याय वाचल्याबिगर अर्थ सांगायचा अस्तो का कुठं? सुतक फिटू दे. पळून चाललाय का तो?"

मी हट्ट धरला नाही. दादांचा नियम मोडून मिळवलेला अर्थ मला नको होता, आणि खरं सांगायचं तर मी मनातून खूश होतो. लहानपणी जत्रेतली मिठाई मी अशीच उद्यासाठी ठेवायचो. त्या दिवसांत आम्ही हळद गोळा केली, पॉलिश करायला पाठवली, पोती भरली. दादा बाजेवर बसून ओठ हलवत असायचे. बायको म्हणाली, "मामा तयारी करून राहिले."

सुतक फिटायच्या आदल्या दिवशी सकाळी दादांच्या हातून चहाची बशी पडली. लकवा होता. आम्ही त्यांना जीपने नांदेडला नेलं. जीव वाचला, उजवा हात थोडा लुळा पडला. खरं नुकसान वेगळंच झालं होतं. आवाज शाबूत होता, शब्द मात्र गेले होते. बोलायला लागले की काहीतरी निघायचं, त्यात मराठीतलं एकही अक्षर ओळखीचं नसायचं. डॉक्टरांनी समजावलं, ऐकू येतं, बरंचसं कळतंही, पण शब्द जागेवर राहिले नाहीत. हळूहळू थोडे येतील, कदाचित येणारही नाहीत. पाणी हवं, मुतायला जायचं, हे ते खुणेने सांगायला शिकले. ते सोपं होतं.

घरी आणल्यावर मी कितीतरी दिवस पुस्तकाला हात लावला नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "तुमी वाचा. त्यायला समाप्ती करायची हाय. सारखं त्या घडवंचीकडं हात दाखवून राहिले." मी आंघोळ केली. दादांना उशांना टेकवून बसवलं. नेहमीची बाया-मंडळी नव्हती, हळदीचं काम संपलं होतं. बायको तेवढी दारात येऊन बसली.

आधी मी उडून जाण्याचा अध्याय पुन्हा वाचला, मग शेवटचा. पावसाने तळं भरतं. बगळा परत येतो, पण कासव दिसत नाही. बगळा काठच्या पाण्यात एका पायावर न हलता उभा राहतो आणि वाट बघतो. पुस्तक तिथंच संपतं. कासव चिखलातून वर येतं की नाही, ते लिहिलेलं नाही.

मी थांबलो. दादांनी घसा खाकरला.

आणि त्यांनी अर्थ सांगितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळा. चाल तीच होती. सुरुवातीला आवाज खालचा, मग एक प्रश्न, मग त्याचं उत्तर, मधेच थोडं थांबणं, मंडळी हसावीत म्हणून सोडलेली जागा. डावा हात उचलून त्यांनी कुणीतरी उडून गेलेलं दाखवलं. पुढे आवाज जड झाला, मग पुन्हा हलका झाला. एके ठिकाणी ते स्वतःशीच हसलेही. मी इतकं कान देऊन आयुष्यात काही ऐकलं नसेल. एखादा शब्द सापडेल, 'राग' किंवा 'न्हाई' किंवा नुसतं 'पोरगं', म्हणून मी त्यांच्या ओठांवर डोळे लावून बसलो होतो. एकही सापडला नाही. माझ्या बापाच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, ते त्यांनी माझ्यासमोर बसून पूर्ण सांगितलं, आणि ते मला मिळालं नाही. त्यानंतर पावसाळ्यापर्यंतच ते होते.

बोलणं संपवताना त्यांचा आवाज वर गेला. ते काही विचारत होते. मग ते तोंड माझ्या दिशेने करून थांबले. दारातून बायको रडवेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

"कळलं, दादा," मी म्हणालो.

त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि पुस्तक मिटायची खूण केली.