नाकाने मोजलेली आच

मावला गावातल्या एका शेडमध्ये आरागिरणीचा भुसा आणि वितळवलेलं प्लास्टिक दाबून फळ्या करतात. शाळेच्या कपाटासाठी सहा फळ्या घ्यायला मी तिथे गेले. कढई ढवळणारी बाई सारखी वाकून वाफ हुंगायची, खोकायची आणि आच कमी करायची.

“नाकाला फडकं तरी बांधा,” मी म्हणाले.

“मंग जळका वास कसा येईन, बाई? माल जळला तं मले कोन ठेवीन?”

मी मालकाला तापमापक आणायला सांगितलं.

“कायले, मॅडम? हिचं नाक मशीनपेक्षा पक्कं हाय!”

ती लाजून हसली. संतापून मी खरेदीच्या यादीतल्या फळ्या खोडल्या. मालकाऐवजी तीच गयावया करू लागली, “बाई, एकबी फळी जळली नाई, पाहा तं खरं!”