सही केलेले शंभर स्टिकर

शाळेच्या कागदोपत्री त्या प्रयोगशाळा सहायक होत्या, पण अख्खी शाळा आणि शाळेपाठोपाठ अख्खी इमारत त्यांना लॅबबाईच म्हणायची. काचेची नळी फुटली तरी त्या ओरडत नसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एवढंच विचारत, "हात कोणाचा?" तेवढ्यावर नववीतला दांडगेश्वरसुद्धा निमूट हात वर करायचा.

गाड्या चकचकीत करायचा नाद त्यांना नवऱ्याच्या जुन्या गाडीपायी लागला. नवरा गाडी चालवायचा आणि धुण्याचं खातं पावसाकडे द्यायचा. एका रविवारी बाईंचा संयम संपला. दोन बादल्या, एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. आधी टप, मग काचा, मग दरवाजे, चाकं सगळ्यात शेवटी. फडकं हातातून जमिनीवर पडलं की संपलं, ते पुन्हा पत्र्याला लागायचं नाही. त्याला चिकटलेला एखादा बारीक खडा पुरतो बॉनेटची वाट लावायला. नवरा खुर्ची टाकून बघत बसायचा. "पुरे की गं. पत्रा झिजून आतलं इंजिन दिसायला लागेल."

दिसायला लागलं ते शेजाऱ्यांना. पुढच्या रविवारी खाली तीन गाड्या रांगेत होत्या.

बाईंची एक खोड मात्र गिऱ्हाइकांना आधी चमत्कारिक वाटायची. बाजारात एक पॉलिश मिळतं, ते ओरखड्यांत भरून बसतं. गाडी नवरीसारखी दिसते, आणि चार वेळा धुतली की सगळे ओरखडे पुन्हा हजर. बाई ते वापरायच्या नाहीत. उलट काम झाल्यावर सगळ्या पत्र्यावरून पाण्यात मिसळलेल्या स्पिरिटचा हात फिरवायच्या, म्हणजे वर काही लपलेलं असेल तर निघून जावं. मग मालकाला बोलावून टॉर्च मारायच्या. "हा बघा, हा राहिलाय. खोल आहे, माझ्याच्याने जाणार नाही. आणि हा दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे, तुम्हाला माहीत होतं का?" आपल्याच कामातल्या उणिवा अशा हौसेने दाखवणारी बाई लोकांनी पाहिली नव्हती. हसता हसता लोक विश्वास ठेवायला लागले.

इथे भाऊजी आले. भाऊजी म्हणजे धाकटा दीर. पाच धंदे करून सोडलेला, बोलायला लागला तर भिंतीनेही मान डोलवावी असा. "वहिनी, तुमचे हात आणि माझं तोंड! एक नंबर जोडी! तुम्ही घासा, मी बोलतो." बाईंना तो धाकट्या भावासारखा. लग्न होऊन आल्या तेव्हा तो सातवीत होता, त्याच्या प्रयोगवहीतल्या आकृत्या त्यांनीच काढून दिल्या होत्या. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी काम, बाकीच्या दिवशी भाऊजींची फोनवर बडबड, असं दोन वर्षं झकास चाललं.

स्टिकरची कल्पना भाऊजींचीच. चालकाच्या दरवाज्याच्या आतल्या कडेला बोटभर पट्टी: 'तपासून साफ केली. झाकलेलं काही नाही.' खाली बाईंची सही. हळूहळू त्या सहीला वजन आलं. जुनी गाडी घेणारे लोक दरवाजा उघडून आधी ती पट्टी शोधायला लागले.

साहजिकच जुन्या गाड्यांचा व्यापारी दारात आला. या माणसाचं प्रत्येक वाक्य एकाच जागी सुरू व्हायचं. "खोटं कशाला बोलू बाई, माझ्या गाड्या तुम्हीच करा. खोटं कशाला बोलू, पण ते स्पिरिट तेवढं मारू नका. भरावाचं पॉलिश मी देतो."

"मग सही कशाला हवी?" बाई म्हणाल्या. "पॉलिशवालाच करेल."

व्यापारी गेला. भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "वहिनी, काय हाणलात! एक नंबर!"

त्यानंतर पंधराएक दिवसांनी ते स्टिकरचं भेंडोळं घेऊन आले. "वहिनी, दर गाडीला चष्मा शोधा, पेन शोधा, हात पुसा. शंभर सह्या एकदम करून ठेवा ना." बाईंना यात वावगं काही वाटलं नाही. परीक्षेच्या आधी कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर त्या वर्षानुवर्षं अशाच सह्या करत आल्या होत्या. रेडिओ ऐकत ऐकत त्यांनी शंभर सह्या केल्या आणि भेंडोळं कपाटात ठेवलं.

एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर खाली आल्या. सिस्टर हॉस्पिटलात नर्स. बोलणं इंजेक्शनसारखं, टोचून मोकळं. "लॅबबाई, गाडी घेतली. जुनी आहे. आईला डायलिसिसला न्यायला. मला गाडीतलं शून्य कळतं. तुमची सही बघितली, डोळे मिटून घेतली."

बाईंनी गाडीकडे बघितलं. लाल, लखलखीत. आयुष्यात कधी हात न लावलेली.

दरवाजा उघडला. पट्टी होती. सही त्यांचीच होती, 'ब' चा पाय लांब ओढलेला.

"सिस्टर, पाच मिनिटं थांबता?" त्यांनी स्पिरिट आणलं. बॉनेटवर एक हात फिरवला आणि फडक्यामागे कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटत गेल्या. चालकाच्या दरवाज्यावर फिरवला, आणि त्याचा लाल शेजारच्या लालपेक्षा वेगळा निघाला. बिजागरीच्या बोल्टांचा रंग पान्याने सोलला होता. दरवाजा काढून पुन्हा बसवलेला. दाराच्या चौकटीवरची रबराची पट्टी सोलून बघितली तर आतला खांब ठोकून सरळ केलेला.

"ही गाडी बाजूने जोरात ठोकलेली आहे," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही सही कशी केलीत?"

"मी ही गाडी आज पहिल्यांदा बघतेय."

सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलं, बाप्या पेशंट गोळी घेतली म्हणून थाप मारतो तेव्हा बघावं तसं. "सही तर तुमची आहे."

बाई वर आल्या. कपाट उघडलं. भेंडोळं बोटाएवढं उरलं होतं.

"अहो, यातले स्टिकर कुठे गेले?"

नवऱ्याने पेपर खाली केला नाही. "भाऊ घेऊन गेला असेल."

"असेल की गेला?"

"मीच काढून दिले. म्हणाला, वहिनीला सांगू नको, उगाच तत्त्वाचं काढेल. मला वाटलं, जाहिरातीला हवे असतील."

"जाहिरातीला हवे असते तर मला का सांगायचं नव्हतं?"

बाईंना वाटलं होतं आपण चिडू. पण उरलेलं भेंडोळं हातात घेऊन त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. दिराने गळा कापला हे एक वेळ कळलं असतं. सुरी आपल्याच कपाटातून, आपल्याच नवऱ्याने काढून दिली होती.

मग उठल्या आणि सिस्टरबरोबर त्याच लाल गाडीत बसून व्यापाऱ्याच्या आवारात गेल्या. भाऊजी तिथेच होते. सोफ्यावर, पाय पसरून, घरच्यासारखे. वहिनींना बघून पाय तेवढे आत घेतले.

व्यापारी हात जोडून पुढे आला. "खोटं कशाला बोलू बाई, मी कोण गाडी पास करणारा? सही कोणाची?"

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "मी ही गाडी तपासली होती का? यांना सांगा."

भाऊजींनी फोनकडे बघितलं, छताकडे बघितलं, व्यापाऱ्याकडे बघितलं. मग फोनकडेच तोंड करून म्हणाले, "सही वहिनींचीच आहे. मी ओळखतो ना."

आवारात गाड्या बघायला आलेली सात-आठ माणसं होती. सगळी जवळ सरकली. बाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पण विचारायला काही उरलंच नव्हतं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "सही माझी. मग काढायचा हक्कही माझाच."

पहिल्या गाडीचा दरवाजा उघडून त्यांनी नखाने पट्टी खरवडली. मग दुसऱ्या गाडीची. "अहो बाई, काय करताय! खोटं कशाला बोलू, पोलिसांना बोलवीन!" "बोलवा. गाड्याही बघून जातील." भाऊजी मागे धावत होते, "वहिनी, असं काय करता, घरी बसून बोलू ना, वहिनी!" बाई प्रत्येक दरवाज्याशी वाकून मोठ्याने सांगत होत्या, "ही मी बघितलेली नाही. ही पण नाही." एकवीस गाड्या. बघायला आलेल्यांपैकी दोघं फाटकाबाहेर पडले, तेव्हा व्यापाऱ्याने सिस्टरना बाजूला घेतलं आणि गाडी परत घेतो म्हणून तिथल्या तिथे लिहून दिलं.

परत यायला रिक्षा केली. इमारतीशी उतरल्यावर सिस्टर म्हणाल्या, "गाडी परत गेली, तुमच्यामुळे. थँक्यू. पण खरं सांगते लॅबबाई, पुढची गाडी घेताना तुमची सही बघणार नाही."

"नका बघू," बाई म्हणाल्या. "मीही आता करणार नाही."

घरात शिरल्या तर नवरा फोन हातात धरून उभा. "भाऊचा आहे. रडतोय गं. दोन शब्द बोल."

"तुमचा भाऊ आहे. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"इतके दिवस बोलत होतात ना?"

नवरा फोन कानाला लावून गॅलरीत गेला आणि पाठ करून, तोंडावर हात धरून, अगदी हळू आवाजात बोलायला लागला. गेल्या कित्येक संध्याकाळी तो असाच उभा असायचा, आणि बाईंना वाटायचं, घरात रेंज मिळत नसेल. त्यांनी दोन मिनिटं ती पाठ बघितली. मग गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.