पांढऱ्या सेंटची शोधपत्रकारिता

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका छापल्या. मंत्र्यांच्या, महापालिकेच्या, झालंच तर स्वतःच्या संपादकाच्याही. त्यामुळे आज स्वतःची एक सांगताना जीभ जरा अडखळतेय. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. मध्येच हसलात तर मात्र मी उठून जाईन.

काही वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, आम्ही दोघं अमेरिकेत कॅरीला मुलीकडे राहायला आलो. आता इथे माझ्यासारख्याने भांडायचं कोणाशी, सांगा. नळाला चोवीस तास पाणी आणि रस्त्याला खड्डा नाही. अशात बातमी आली की एक सेंटचं नाणं पाडणं बंद होतंय. लगेच लोक घरातल्या बरण्या उपड्या करून चुकून भलतीच पडलेली नाणी शोधायला लागले. सरकारी टांकसाळीच्या चुका, आणि त्या नागरिकांनी पकडायच्या. हे तर माझंच काम.

मुलीच्या स्वयंपाकघरातली सुट्ट्या पैशांची बरणी ओट्यावर ओतली आणि भिंग घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी सापडलं. तांबूस सेंटांच्या ढिगात एकच पांढुरकं.

त्याचं असं आहे, की हल्लीचा सेंट तांब्याचा नसतोच. आत जस्त असतं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. क्वचित एखाद्या चकतीला मुलामा द्यायचा राहून जातो आणि ती तशीच छापून बाहेर पडते. संग्राहक अशा नाण्यावर जीव टाकतात.

"बघू," बायको म्हणाली.

"हात लावू नकोस वसुधा. बोटांचं तेल लागतं."

"पोळ्यांना इतकी वर्षं चाललं," ती म्हणाली आणि निघून गेली.

नाणं प्लास्टिकच्या डबीत गेलं आणि मी इथल्या मराठी मंडळाच्या पाडवा अंकासाठी लेख लिहिला. 'टांकसाळीचा हलगर्जीपणा.' अकराशे शब्द. नाण्याच्या कडेला एक लालसर ठिपका होता, त्यावर स्वतंत्र परिच्छेद. 'मुलाम्याचा हा शेवटचा अवशेष जणू यंत्रणेच्या अपयशाची साक्ष देतो.' वाक्य आजही मला वाईट वाटत नाही.

मग मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. नेने म्हणून एक गृहस्थ आहेत. सगळी हयात धातूंच्या कारखान्यात गेली. त्यांनी नम्रपणे लिहिलं, "घासल्यासारखं वाटतंय हो."

मी विचारलं, "नेनेसाहेब, तुम्ही आयुष्यात कधी एखादी बातमी तपासली आहे का?"

नेन्यांनी नुसतं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मला वाटलं, जिंकलो.

अंकाची संपादक मोहिनी मात्र एवढ्यावर सोडणारी नव्हती. तिचा फोन आला. "काका, लेख फर्स्ट क्लास आहे. माहितीच्या विभागात पहिलाच लावलाय. पण लायब्ररीत शनिवारी कॉइन क्लब भरतो, तिथे एकदा चेक करून घ्या ना, प्लीज."

"माझा लेख? चेक?"

"नेने काकांना गप्प करायला तरी."

हे पटलं. लेख माघारी घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि नेन्यांमुळे तर येऊच द्यायची नव्हती. शनिवारी वसुधानेच ड्राइव्ह करून मला नेलं, कारण इथलं लायसन्स अजून मला मिळालेलं नाही. तो वेगळा अन्याय आहे.

क्लबातला डेव्ह नावाचा म्हातारा शांत होता. त्याने डबी उघडली, नाणं दिव्याखाली धरलं आणि भिंगातून उलटसुलट बघितलं.

"नाण्यावरच्या लिंकनची दाढी कुठे गेली?" शेवटी त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"मुलामा द्यायचा राहिला असता तर फक्त रंग गेला असता. दाढी जागेवर असती. इथे गाल सपाट, दाढी गायब. हे कोणीतरी घासलंय. वर्षानुवर्षं, अगदी जीव खाऊन."

"आणि तो तांब्याचा अवशेष?" मी लाल ठिपक्याकडे बोट दाखवलं.

त्याने काडीच्या टोकाने ठिपका टोकरला. कागदावर लाल भुकटी पडली. "हे तांबं नाही. रंग आहे कसलातरी."

इतका वेळ बाजूच्या खुर्चीवर मोबाइल बघत बसलेली वसुधा वाकली.

"अहो, हे कुंकू आहे."

"कुंकू? सेंटवर?" मी विचारलं.

"गणपतीच्या कलशातला सेंट आहे हा. यंदा ताईंनी पुण्याहून रुपया पाठवला, म्हणून हा बरणीत टाकला. त्या दिवशी बघू दिलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं."

"पण घासलं कोणी याला?"

"दर वर्षी गणपतीची भांडी कोण घासतं? चिंच-मीठ लावून हाताने चोळा म्हटलं, तर तुम्हाला लागते तारेची घासणी. ताम्हन, पळी, कलश आणि हा, सगळं एकाच हिसक्यात."

डेव्हने विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"माझ्या कामाचं कौतुक करतेय," मी म्हणालो.

गाडीत बसल्याबसल्या मोहिनीला फोन लावला. बाजूला वसुधा, त्यामुळे काही लपवायची सोय नव्हती. दाढी, कुंकू, घासणी, सगळं सांगितलं आणि म्हणालो, "लेख मागे घेतोय."

पलीकडून नुसता खोकल्यासारखा आवाज येत होता.

"मागे कशाला घ्यायचा, काका?" शेवटी ती म्हणाली. "विनोदी विभागात दोन पानं रिकामीच आहेत. मजकुरातला एक शब्दही बदलावा लागणार नाही."