नाल्याकाठची आबांची जागा

उखाआबा गेल्याचा निरोप नरडाणा स्टेशनातून आमच्या लहानशा स्टेशनात फोनवर आला, तेव्हा सकाळची गाडी नुकतीच सुटली होती. खोकल्याच्या औषधपाण्यासाठी ते धुळ्यात देवपूरला पुतण्याकडे राहत होते. आम्ही चौघे एस.टी.ने पोहोचलो, तोवर पांझरेकाठी चिता विझत आली होती. त्यांना आपल्या वस्तीतच न्यायचं ठरलं होतं, असं मी म्हणालो. पुतण्या शांतपणे म्हणाला, "भाऊ, ते काय गाव आहे का?"

हा प्रश्न मी आधीही ऐकला होता... स्वातंत्र्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तेव्हा स्टेशनाबाहेर सहा झोपड्या होत्या. आबा रुळांचे सांधे बदलायचे, मी कापसाच्या वखारीत तोलाई करायचो. माणसं ठिकठिकाणची, निरनिराळ्या जातींची. हंगाम संपला किंवा बदली झाली की परत जाणारी. त्या उन्हाळ्यात आबांची बायको भीमाबाई तापाने गेली. त्यांचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, दीड दिवसाच्या वाटेवर. प्रेत तेवढं टिकणार नव्हतं, म्हणून तिरडी शेजारच्या गावाच्या मसणाकडे नेली. गावकऱ्यांनी वाटेतच अडवलं. त्यातला एक म्हणाला, "तुमनं गाव कोनतं शे? तठेच लई जा." आबांनी वाद घातला नाही. खांदा बदलला आणि तिरडी वळवली. रेल्वेच्या कुंपणाच्या आत मास्तरांना परवानगी देता येईना. शेवटी कुंपणापलीकडे, नाल्याकाठच्या पडीक तुकड्यावर तिला ठेवलं. सहाही झोपड्यांतलं सरपण कमी पडलं, तेव्हा एकाने दाराची चौकट उपटून आणली. चिता पेटल्यावर आबा एवढंच बोलले, "आतेपाइन आमनं गाव हाईच." आतापासून आमचं गाव हेच.

पुढे त्यांनी बदली नाकारली, बढतीही गेली. निवृत्त झाल्यावर तिथेच घर बांधलं. त्यांच्या मागोमाग आम्हीही राहिलो. आज एक्केचाळीस घरं आहेत. वस्ती गाडीमुळे झाली असं लोक म्हणतात. गाडी तर आधीही थांबत होती...

भीमाबाईच्या जागी आबांनी एक दगड रोवला होता आणि शेजारची जागा मोकळी ठेवली होती. कोणी तिथे टेकलं की म्हणायचे, "मनी शीट रिझर्व शे. तठे कोनी बसानं नही." आम्ही हसायचो.

गेल्या आठवड्यात वस्तीतली एक म्हातारी वारली. तिच्या मुलांनी लाकडं आणून दगडाशेजारी टाकली, क्षणभर एकमेकांकडे पाहिलं, आणि कोणी काही न सांगता ती उचलून दोन हात पलीकडे रचली.