कुमुदताईंचा पाचवा अंक

कुमुदताईंच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी माझ्यापुढे तबला ठेवला. एडिनबराच्या गणपतीत मी "थोडंफार वाजवतो" असं कुणाशी तरी बोललो होतो, तेवढं त्यांना पुरलं होतं. "बस," त्या म्हणाल्या, "ऑपेरा करायचाय."

ताई इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. रिटायर झाल्यावर फ्रेंचच्या क्लासला गेल्या आणि तिथे त्यांना तीनेकशे वर्षांपूर्वीचं एका ऑपेराचं पुस्तक सापडलं. पाच अंक, एक जादूगार राणी, तिला सोडून जाणारा सरदार, आणि सुरुवातीला फ्रान्सच्या राजाची भरपूर स्तुती. मूळचं संगीत होतंच. ते बाजूला ठेवून ताईंनी सगळे फ्रेंच शब्द पेटीवर, आपल्या रागांत नव्याने बांधायला घेतले. कुणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "तेव्हा तिकडे हेच चालायचं. पुस्तक एकच, चाल नवी. मी जरा लेट आलेय, एवढंच." शब्द मात्र एकही गाळू द्यायच्या नाहीत. "घर दुसऱ्याचं आहे. रंग द्यायचा, भिंत पाडायची नाही."

तालमीत मला जांभई आली तरी त्या रागावत नसत. "दे खुशाल. समोरचा झोपला की मला काम झाल्यासारखं वाटतं."

गायला ईशा होती. जन्म इथलाच, पेशाने वकील. फ्रेंच शाळेतलं, गाणं ताईंकडचं, आणि मराठी आपलं जमेल तसं.

अडचण चालींचीच होती. ताईंची एकेक ओळ गावभर हिंडून समेवर यायची. चर्चच्या हॉलमध्ये जमलेल्या आपल्या मंडळींना फ्रेंच कळत नसलं तरी तान कळायची, आणि "वन्स मोअर" आला की ताईंना नाही म्हणवत नसे. हॉल नऊला बंद व्हायचा. पहिल्या प्रयोगात दुसरा अंक संपेना, दुसऱ्यात कसाबसा तिसरा झाला. दोन्ही वेळा राणी जिवंतच राहिली.

मला याचं हसू आलं असतं. पण ताईंचा उजवा कान कधीच गेला होता आणि डावाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. राणीच्या मरणाची चाल त्यांची सगळ्यांत लाडकी. "ती एकदा भरल्या हॉलमध्ये ऐकायचीय रे. मग कान गेले तर गेले."

तिसऱ्या प्रयोगाला त्यांनी आधीच बजावलं, "आज वन्स मोअर म्हणायचं नाही. म्हणेल त्याला बाहेर काढीन." मंडळी शहाण्यासारखी गप्प बसली. राजाची स्तुती झपाट्याने उरकली. चौथ्या अंकात ईशाने राणीच्या संतापाची अशी काही जागा घेतली की माझा हात थांबला, आणि हॉलमध्ये खणखणीत "वन्स मोअर" घुमला. तो ताईंचाच होता.

झालं. चौथा अंक संपता संपता नऊ वाजले आणि केअरटेकर अँगस किल्ल्या वाजवत आला. ईशा कुजबुजली, "ताई, माझी आवाज पण संपत आला." ताई पेटीवरून हलल्या नाहीत.

"शेवटी होतं काय?" अँगसने विचारलं.

"राणी मरते," ताई म्हणाल्या.

"मेली?"

"अजून नाही."

तो पहिल्या रांगेत बसला. "मग थांबतो."

पाचवा अंक लहानच होता. ईशाने तो सरळ म्हटला. एक ओळ एकदाच, ना तान ना हरकत. तेवढाच आवाज उरला होता तिचा. ताई डावा कान तिच्याकडे करून, डोळे मिटून पेटी वाजवत होत्या. ती चाल इतकी साधी आणि इतकी सुंदर आहे, हे आम्हाला तोवर कळलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले.

मग "वन्स मोअर"चा गलका झाला. त्यात अँगसचा आवाज सगळ्यांत मोठा.

"काय म्हणतायत?" ताईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेटीचा भाता लावून टाकला. "म्हणू देत. मेलेल्या बाईला उठवायचं नसतं. ऐकलं मी. पुरे."

त्या हिवाळ्यात डावा कानही गेला. अजून मी गेलो की ताई माझ्यापुढे तबला सरकवतात आणि ती चाल गुणगुणतात. सूर बराच उतरलेला असतो. मी त्यांना सांगत नाही. तबला तेवढा उतरवून घेतो.