पडवीतील किरकोळ अडथळा, नग एक

ज्या कागदामुळे माझी बावीस वर्षांची बसण्याची जागा जाण्याची वेळ आली, तो कागद मी स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि लिहून झाल्यावर त्यातील भाषेबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली होती. अर्जनवीसाच्या आयुष्यात असा योग क्वचित येतो. म्हणून तो लिहून ठेवणे मी कर्तव्य समजतो.

प्रथम जागेविषयी. रत्नागिरीत सरकारी कचेऱ्यांकडे जाणाऱ्या चढावर एक जुने हॉटेल आहे. खाली खानावळ, वर मुक्कामाच्या सहा खोल्या आणि पुढे रस्त्यालगत कौलारू पडवी. त्या पडवीच्या आतल्या कोपऱ्यात माझे टेबल, माझी खुर्ची आणि अर्जदारांसाठी एक बाक असे. भाडे मी देत नसे. पूर्वीच्या मालकांचा जमिनीचा एक वाद मी अवघ्या तीन अर्जांत मार्गी लावला होता, तेव्हा ते म्हणाले होते, "बसा इथंच." एवढाच काय तो माझा हक्क. दुसऱ्यांची वाक्ये कागदावर आणून देण्यात माझी हयात गेली. माझ्या कामाचे हे एकच वाक्य मात्र तोंडी राहून गेले.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत विधिवत झाले. दहावीच्या परीक्षेशी माझे मतभेद झाल्याने पुढील शिक्षण मी कचेरीच्या आवारात, जुन्याजाणत्या अर्जनवीसांच्या मागे उभे राहून घेतले. आजकाल समोरच्या दुकानात संगणकावर फॉर्म भरून मिळतात, हे मी नाकारत नाही. परंतु फॉर्म भरणे वेगळे आणि साहेबाचा हात फायलीवर थांबवणे वेगळे. थांबवायचा असतो, तेव्हा लोक रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात.

जुने मालक गेल्यावर हॉटेल त्यांच्या सुनेने, म्हणजे आमच्या वहिनींनी चालवले. त्यांचे यजमान अठरा वर्षे बोटीवर इंजिनाच्या खोलीत होते. ते गेल्याच्या गेल्या दिवाळीत कायमचे घरी आले, गल्ल्यावर बसले आणि शेठ झाले. मोठ्या आवाजाच्या खोलीत आयुष्य काढलेला माणूस घरी आला की काहीतरी ठोकाठोक सुरू करणार, हे मला अपेक्षित होते. दोन महिन्यांत त्यांनी हॉटेलचे नूतनीकरण काढले. बँक आठ लाख द्यायला तयार होती, मात्र तिला अंदाजपत्रक हवे होते. मिस्त्री बाबवार आकडे तोंडी सांगून गेला होता. ते बँकेला शोभेल अशा भाषेत मांडण्याचे काम स्वाभाविकपणे माझ्याकडे आले.

आम्ही तीन दुपारी बसलो. शेठ बोलत आणि मी त्याला कचेरीचे रूप देत असे. "कौलं गळतात" याचे मी "छताची जलरोधक क्षमता संपुष्टात आली आहे" असे केले. चार नंबरच्या खोलीतला संडास तुंबतो, हे वाक्य माझ्या हातून इतके सुवासिक झाले की शेठने ते दोनदा वाचून घेतले.

"भाऊ," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मोरी उंच करायची म्हणून लिहा. भांडी घासणारीची कंबर गेली वाकून वाकून."

"बँक कंबरेला कर्ज देत नाय," शेठ म्हणाले.

"मग दिव्यांच्या पाटीला देते?"

पाटी शेठची फार लाडकी होती. रात्री लांबून दिसणारी, अक्षरांतून उजेड येणारी. त्यांनी विषय बदलला. मी मध्यस्थी करून "कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने भांडी धुण्याच्या जागेची उंची वाढवणे" असे लिहिले, तेव्हा दोघांचेही समाधान झाले. पण बेरीज आठ लाखांच्या वर नव्वद हजार गेली आणि काटछाट करताना मोरी अर्ध्यावर आली. पाटी मात्र पुरी राहिली. अंदाजपत्रकात पडवीतल्या पाहुण्यांसाठी जमिनीत पक्की बसवायची चार ग्रॅनाइटची टेबले होती, तीही कायम राहिली. त्या दिवशी वहिनींनी वाढलेली आमटी जरा तिखट होती.

बाब नऊ आली तेव्हा शेठ चमच्याशी खेळत होते.

"पडवी... पडवी जरा मोकळी करायची."

"म्हणजे नेमके काय?"

"ते टेबल. ते हलवायचं."

पडवीच्या पुढच्या टोकाला संगमरवरी माथ्याचे एक मोडके टेबल होते. त्याचा एक पाय जुन्या मालकांच्या काळापासून विटेवर उभा होता. बरे झाले, सुटलो एकदाचे, असे म्हणून मी लिहिले: "पडवीतील किरकोळ अडथळा निष्कासित करणे, नग एक." निष्कासित हा शब्द मी एरवी जपून वापरतो.

"हमालीचे पाचशे धरा," शेठ खालच्या आवाजात म्हणाले.

"पाचशे कशाला? दोनशेत कोणीही उचलून नेईल."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हीच म्हणताय, तर दोनशे."

वहिनी दारात आल्या, मला न्याहाळून आत गेल्या आणि न मागता चहा पाठवला. तीनशे रुपये वाचवल्याबद्दल असावा, अशी मी समजूत करून घेतली.

आठ दिवसांनी मिस्त्री अंदाजपत्रकाची प्रत आणि मोजायची टेप घेऊन आला. बँकेला त्याची सही हवी होती. तेव्हा माझ्यासमोरच्या बाकावर आतल्या गावचे एक शेतकरी वारसनोंदीचा अर्ज घेऊन बसले होते.

"भाऊ, जरा उठा. मोजायचा हाय."

"ते टेबल तिकडे, पुढे," मी लेखणी न थांबवता म्हणालो.

"ता नाय वो. ता ऱ्हातंय. शेठ बोलले, जुना संगमरवर पाव्हन्यांना आवडता." त्याने कागदावर बोट ठेवले. "नव नंबर तुमचा हाय."

बाकावरचे शेतकरी दचकले. "म्हंजे भाऊंनाच उटवतायत? मंग माज्या अर्जाचा काय?"

मी कागद घेतला. माझेच अक्षर, माझीच वळणे. किरकोळ. अडथळा. नग एक. बावीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की सही करण्याआधी वाचून घ्या.

आत गेलो तेव्हा शेठ पंख्याकडे असे पाहत होते, जणू तो आत्ताच बसवला आहे.

"शेठ, अडथळा म्हणालात तर मी ऐकून घेईन. परंतु किरकोळ?"

उत्तर स्वयंपाकघरातून आले. वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "किरकोळ आम्ही कुठं म्हणालो, भाऊ? आम्ही नुसतं टेबल म्हणालो. किरकोळ तुम्ही घातलंत. पाचशेचे दोनशेही तुम्हीच केलेत."

"तोंडावर बोलवेना वो," शेठ म्हणाले. "वडिलांनी बसवलेला माणूस. म्हटलं, कागदावर आलं की आपोआप कळेल. तर तुम्ही असं लिहिलंत की ते वाचून आम्हालाच कळेना."

मग त्यांनी सगळे सांगितले. मुंबईकडच्या पाहुण्यांना बाहेर हवेत बसायला आवडते. तुमचे अर्जदार तिघांत एक चहा घेतात, पाणी मात्र तांब्यावर तांब्या पितात. त्या कोपऱ्यात चौघांचे टेबल छान बसते. त्यांचे म्हणणे वाजवी होते, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

टेबलाशी परत येऊन मी कोरा कागद पुढे ओढला. दुसऱ्यांसाठी हजारोंनी अर्ज लिहिले असतील. स्वतःसाठी हा पहिलाच. "सविनय विनंती की" येथपर्यंत हात सराईतपणे गेला आणि थांबला. अर्जदारांना मी नेहमी सांगतो की आपल्यावर झालेला अन्याय लिहू नये, तो कचेरीला पाठ असतो. आपले काम केल्याने कचेरीचे काय भले होईल, ते लिहावे. माझ्या बसण्याने या हॉटेलचे काय भले होते? मी बराच विचार केला. तिघांत एक चहा, याच्या पलीकडे काही हाती लागेना.

मान खाली घालून बसल्यामुळे नजर जमिनीवर गेली. तिथे ती रेघ होती.

पडवीची जमीन लाल कोब्याची होती. माझ्या पायांखाली ती आरशासारखी चकचकीत होती, पण खुर्चीपासून दोन हातांवर तिचा रंग उडालेला, पांढुरका झाला होता. चकचकीत आणि पांढुरके यांच्यामधली सीमा तिरपी जात होती. शेजारी चार मजली इमारत उभी राहिल्यापासून मधल्या बोळात वारा कोंडतो आणि पाऊस समोरून न येता बाजूने, आडवा, पडवीभर फिरतो. दोन पावसाळे मी तो पाहत होतो. शेठ तेव्हा समुद्रावर होते. वहिनी पडवीला समोरून ताडपत्री बांधून मागे चुलीपाशी असत. पाऊस नेमका कुठपर्यंत येतो, हे फक्त मला ठाऊक होते, कारण तो येऊन थांबत असे माझ्या टेबलाच्या अलीकडे. मनातल्या मनात मी ग्रॅनाइटची चार टेबले मांडून पाहिली. तीन रेघेच्या बाहेर पडत होती.

आता अडचण अशी होती. सांगावे, तर सगळ्या पडवीतला एकमेव कोरडा कोपरा माझाच आहे, हे मीच सिद्ध करून देणार आणि तो जास्तच हातचा जाणार. न सांगावे, तर टेबले बसतील, जूनमध्ये भिजतील आणि शेठ पाणी उपसत बसतील. शेवटी मी उठलो. गप्प बसून कोणाचे भले करण्याची मला सवय नाही.

मिस्त्रीकडून खडू घेऊन मी ती रेघ जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली आणि शेठना बोलावले.

"पावसाळ्यात याच्या पलीकडे सर्व पाणी."

"छप्पर तीन फूट पुढं काढतोय ना आपण!"

"पाऊस समोरून येत नाही, शेठ. बोळातून येतो. आडवा."

मिस्त्री बोळात जाऊन भिंतीवर हात फिरवून आला. "बरोबर बोलतायत. गिलावा बगा, बाजूनंच खाल्लाय. टेबलं पक्की बसवाल तर चार म्हयने मासं पाळायला लागतील त्याच्यावर."

वहिनी रेघेकडे, मग माझ्या खुर्चीकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे पावसात कोरडी जागा एकच. आणि ती तुम्ही अडवून बसलायत."

"होय."

"आणि हे आम्हाला आज सांगताय."

"आजवर कोणी विचारले नव्हते."

त्या हसल्या. शेठ हसले नाहीत. ते हिशेब करत होते. ग्रॅनाइट रद्द. उचलून आत ठेवता येतील अशी लाकडी टेबले घेतली, तर बरेच पैसे उरत होते. ते उरलेले पैसे कुठे जाणार, हे त्यांनी बोलण्याआधीच वहिनींनी ठरवले.

"मोरी पुरी होईल," त्या म्हणाल्या. "आणि भाऊ, तुम्ही उन्हाळ्या-हिवाळ्यात जिन्याखाली बसा. तिथं पाहुण्यांचं टेबल मावत नाही, तुमचं मावेल. पावसात तिथं पाणी येतं, तेव्हा कोपऱ्यात या. पावसात पाहुणे तरी कुठले येतायत?"

"आणि ह्यांची माणसं?" शेठनी बाकाकडे मान हलवली.

"त्यांनी चहा घ्यायचा. माणशी एक."

"माजा बिनसाखरेचा," शेतकरी तत्काळ म्हणाले.

सुधारित अंदाजपत्रक मी त्याच दुपारी लिहिले. बाब नऊ वहिनींनी स्वतः सांगितली आणि सांगितली तशीच लिहायची, अशी अट घातली: "भाऊंचे टेबल, जागा बदलणे, वर्षातून दोनदा." भाऊंचे या ठिकाणी अर्जनवीसाचे असा शब्द बँकेला अधिक शोभला असता, असे मी सुचवून पाहिले. त्यांनी ऐकले नाही. रकमेच्या रकान्यात मी पाचशे लिहिले. या खेपेस काटकसर केली नाही.

बँकेने ते मंजूर केले. साहेबांनी बाब नऊवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारले आणि शेठनी "आमचे वडिलांपासूनचे आहेत" एवढेच सांगितले, असे मला मागाहून कळले. ते वाक्यही कुठे नोंदवलेले नाही, पण आता मला त्याचे तितके वाटत नाही.

काम होऊन आता वर्ष उलटले. मोरी कमरेइतकी झाली. शेठच्या पाटीतील दोन अक्षरांचे दिवे समुद्राच्या खाऱ्या हवेने पहिल्याच महिन्यात गेले, तरी ते ती रोज वेळेवर लावतात. जूनच्या सुरुवातीला आणि दसऱ्याच्या सुमारास ते स्वतः बाहेर येतात, इंजिनाच्या खोलीतला आवाज काढून "नग एक, उचला!" म्हणतात आणि वेटरबरोबर दुसऱ्या बाजूने टेबल धरतात. मी शिक्क्यांची पेटी घेऊन पुढे चालतो.

पडवीला आता राखाडी लादी आहे. तिच्यावर पाण्याची रेघ उमटत नाही आणि माझी खडूची रेघ लादीखाली गेली. पाऊस कुठपर्यंत येतो, हे त्या हॉटेलात पुन्हा मला एकट्यालाच अचूक सांगता येते, आणि या वेळी मी ते कोणाला आखून दिलेले नाही.